प्रति: नशीब धाडसी माणसालाच साथ देतं

वर म्हटलंय की धाडस केलं की नशीब साथ देतंच, यशस्वी लोकांकडे बघा. अर्धं पटलं. पण बुडालेल्यांकडे कोण बघतं? त्यांची मुलाखत कुणी घेत नाही.

'नशीब धाडसी माणसाला साथ देतं' ही म्हण लॅटिनमध्ये फार जुनी आहे आणि तिचा एक गाजलेला वापर बघितला तर हसावं की रडावं कळत नाही. इ.स. ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा थोरला प्लिनी हा रोमन लेखक मिसेनम बंदरात रोमन आरमाराचा प्रमुख होता, तो जहाजं घेऊन लोकांना सोडवायला निघाला, वरून राख आणि दगड पडायला लागले, सुकाणूवाला म्हणाला मागे फिरूया, तर हा म्हणाला नशीब शूरांना साथ देतं, चल पुढे. जवळच्या स्टाबिया गावाला पोचला, तिथल्या मित्राला धीर यावा म्हणून मस्त आंघोळ केली, जेवला, चक्क झोपला पण (घोरण्याचा आवाज बाहेर येत होता म्हणे!), आणि नंतर तिथेच किनाऱ्यावर मेला. आता तो स्वतःच्या फायद्यासाठी गेला नव्हता, त्यामुळे मूर्ख म्हणवत नाही, पण म्हणीने काही त्याला वाचवलं नाही. मित्राला सोडून पळाला असता तर नाव राहिलं असतं का, हा वेगळा प्रश्न.

आणि हे सगळं आपल्याला कळलं कुणामुळे, तर त्याच्या १७ वर्षांच्या भाच्यामुळे. मामाने चल म्हटलं होतं, पण हा म्हणाला मला अभ्यास करायचाय, आणि घरीच थांबला. पुढे त्यानेच टॅसिटस या रोमन इतिहासकाराला पत्रात हा किस्सा लिहून कळवला.