डॉक्टरपर्यंत नेणार कोण?

कॉलेजात मन खचलेल्या पोरांचं पोरांनीच ऐकून घ्यायचं, अशी योजना हवी का यावर चर्चा चाललीय. वर एकांनी लिहिलंय, 'पोरांनी पोरांचं काय समुपदेशन करायचं? ते तज्ज्ञांचं काम.' उपचार तज्ज्ञांचेच, मान्य. पण तिथवर नेणार कोण?

कोल्हापुरात वसतिगृहात होतो तेव्हा शेजारच्या खोलीतल्या पोरानं आधी मेस सोडली. आणून ठेवलेला डबा संध्याकाळी दाराशी तसाच. विचारलं की, 'अभ्यास हाय रे.' समुपदेशकाची खोली ऑफिसला लागून; बाहेरच्या बाकावर बसलं की अख्ख्या वर्गात बोभाटा. कोण जाईल? शेवटी आमच्यातला एक जण त्याला रोज रंकाळ्यावर न्यायला लागला. चार दिवस नुसती भेळ खाऊन परत. पाचव्या दिवशी गडी बोलला. मग त्या मित्रानंच त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि तासभर बाहेर बसून राहिला.

एक मात्र आधी ठरवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली तर थेट विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, रेक्टरना, घरच्यांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि ऐकणाऱ्या पोरांनाही समुपदेशकाजवळ मन मोकळं करायला ठरलेली वेळ हवी, नाहीतर त्यांचीच झोप उडते. नुसते टी-शर्ट वाटून योजनेचं उद्घाटन करायचं असेल तर राहू दे.