संसदेच्या समितीला खर्च थोपवण्याचा अधिकार हवा की नको?

लेखाशीर्ष

केंद्राचा अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला जातो, त्यावर सर्वसाधारण चर्चा होते आणि मग सभागृहं काही आठवडे बंद राहतात. बाहेरून ही सुट्टी दिसते, पण विभागांशी संलग्न 24 स्थायी समित्यांचं वर्षातलं सर्वात घाईचं काम, म्हणजे खात्यांच्या खर्चाच्या मागण्या तपासणं, याच काळात चालतं. एका समितीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. 1993 मध्ये 17 समित्यांनिशी ही पद्धत सुरू झाली, 2004 मध्ये त्यांची संख्या 24 झाली.

आधी समितीचं सचिवालय मंत्रालयाला प्रश्नावली पाठवतं. मागच्या तीन वर्षांचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज (वर्ष संपत आल्यावर दुरुस्त केलेला) आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी ठेवून फरकाची कारणं विचारतात. मंत्रालयाची लेखी उत्तरं येतात. मग खात्याचा सचिव आणि आर्थिक सल्लागार बंद दाराआड साक्षीला बसतात. तिथे जे अनुत्तरित राहतं त्याची उत्तरं नंतर लेखी मागवली जातात. मसुदा तयार झाला की आकडे पडताळायला मंत्रालयाकडे जातो, समितीत संमत होतो आणि दोन्ही सभागृहांत मांडला जातो.

एवढं करून हाती काय लागतं? लोकसभेच्या नियम 331-ई मध्ये स्पष्ट लिहिलंय की अहवालात कपात सूचनेच्या (मागणीची रक्कम कमी करण्याच्या प्रस्तावाच्या) स्वरूपाचं काहीही सुचवायचं नाही. शिफारशींचं वजन फक्त सल्ल्याचं.

जल जीवन मिशन घ्या. 2024-25 चा अर्थसंकल्पीय अंदाज 70,163 कोटी होता, सुधारित अंदाज 22,694 कोटींवर आला. म्हणजे मंजूर रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पुढच्या वर्षासाठी पुन्हा 67,000 कोटींची मागणी आली. समिती अशा वेळी फार तर कारणं विचारू शकते, नाराजी नोंदवू शकते. ‘आधीच्या कामांचा हिशेब दाखवा, मग उरलेले पैसे उचला’ असं बजावायची सोय तिच्याकडे नाही.

जर्मनीत ती सोय आहे. तिथल्या संसदेची, म्हणजे बुंडेस्टागची, अर्थसंकल्प समिती एखाद्या तरतुदीला कुलूप लावू शकते. रक्कम अर्थसंकल्पात राहते, पण समितीच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. अडीच कोटी युरोंच्या वरचा प्रत्येक संरक्षण खरेदी करार या समितीपुढे वेगळा जातो. समितीचं अध्यक्षपद 2025 पर्यंत प्रथेने सर्वात मोठ्या विरोधी पक्षाकडे असायचं. आपल्याकडेही निवडक योजनांपुरती अशी तरतूद आणावी, असं माझं ठाम मत आहे.

आडवाट

पूर्ण असहमत. या समित्या आज जेवढं काम करतात तेवढं त्यांच्याकडे दंडुका नाही म्हणूनच होतं.

समितीत पक्षादेश चालत नाही. बंद खोलीत सत्ताधारी पक्षाचा खासदारही सचिवाला ‘गेल्या वर्षी हेच सांगितलं होतं, झालं का?’ असं विचारतो, कारण त्याच्या प्रश्नाने सरकारचं काहीही अडत नाही. अहवाल बहुतेक वेळा एकमताने येतात. ज्याला पटलं नाही तो भिन्नमतपत्रिका जोडतो. आता हीच समिती पैसे अडवू लागली तर पहिल्याच बैठकीआधी पक्षाचा निरोप येईल. सगळ्या समित्यांत सदस्य पक्षांच्या संख्याबळानुसारच असतात, तेव्हा कुलूप लागणार नाहीच. उलट आज जी मोकळी विचारपूस होते ती बंद पडेल.

जर्मनीची तुलनाही पुरी करा. तिथे चान्सेलरला हटवायचं तर त्याच ठरावात पुढचा चान्सेलर निवडावा लागतो, त्यामुळे एखाद्या तरतुदीवर हरल्याने सरकार पडत नाही. आपल्याकडे कपात सूचना मंजूर झाली तर तो अविश्वासच मानला जातो. मग कुठला सत्ताधारी खासदार त्या बाजूने हात वर करेल? धोरण कपात (मागणी 1 रुपयावर आणा), काटकसर कपात (अमुक रक्कम कमी करा) आणि प्रतीक कपात (100 रुपये कमी करा) हे तिन्ही प्रकार लोकसभेत आजही उपलब्ध आहेत. त्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सल्ल्याचा उपयोग नाही म्हणता, तर 2018 चं उदाहरण आठवा. लष्कराच्या उपप्रमुखांनी संरक्षण समितीला सांगितलं की आधुनिकीकरणासाठी 21,338 कोटी मिळालेत आणि आधीच करार झालेल्या खरेदीचे हप्तेच 29,033 कोटींचे आहेत. हे वाक्य समितीच्या अहवालात छापून आलं म्हणून देशाला कळलं. समितीच्या हाती कुलूप असतं तर मंत्रालयाने साक्षीदाराला एवढं मोकळं बोलू दिलं असतं, असं मला वाटत नाही.

सुमेधा_क

दोघंही अधिकाराबद्दल बोलताय. माझ्या मते अडचण वेळेची आणि माणसांची आहे.

2025 चं वेळापत्रक बघा. अधिवेशनाचा पहिला टप्पा 13 फेब्रुवारीला संपला, दुसरा 10 मार्चला सुरू झाला. शनिवार-रविवार आणि महाशिवरात्र वगळली तर कामाचे 15 दिवस. नियम 331-जी नुसार प्रत्येक मंत्रालयाचा स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो आणि मुदतवाढ मागता येत नाही. वित्त समितीकडे वित्त, कंपनी व्यवहार, नियोजन आणि सांख्यिकी अशी मंत्रालयं आहेत. या 15 दिवसांत साक्षी, उत्तरं, मसुदा, पडताळणी आणि संमती, सगळं बसवायचं. साहजिकच प्रत्येक खात्याच्या वाट्याला साक्षीची एखाददुसरी बैठक येते.

समितीला मदत असते ती सचिवालयातल्या अधिकाऱ्यांची. ते प्रश्नावली आणि मसुदा नीट करतात, पण आकड्यांचं स्वतंत्र विश्लेषण करणारं, फक्त संसदेला बांधील असलेलं अर्थसंकल्प कार्यालय भारतात नाही. कॅनडात संसदेचा स्वतःचा अर्थसंकल्प अधिकारी आहे, अमेरिकेत काँग्रेसचं स्वतंत्र कार्यालय आहे. आपली समिती मंत्रालयाचा खर्च मंत्रालयानेच दिलेल्या तक्त्यांवरून तपासते.

तिसरी गोष्ट म्हणजे समितीची मुदत फक्त एक वर्ष. खर्च ज्याखाली नोंदतात त्या लेखाशीर्षांची सहा पातळ्यांची उतरंड (प्रधान शीर्षापासून थेट खर्चाच्या बाबीपर्यंत) डोक्यात बसेपर्यंत समितीची पुनर्रचना होते. काही सदस्य तेच राहतात, पण राहतीलच याची खात्री नाही.

कॅनडाचं वाईट उदाहरणही देते, कारण तेही कामाचं आहे. तिथे खर्चाचे मुख्य अंदाज 1 मार्चपर्यंत समित्यांकडे जातात आणि 31 मेपर्यंत अहवाल आला नाही तर तो आला असंच मानलं जातं. म्हणजे तीन महिने देऊनही समिती गप्प बसू शकते. वेळ हवाच, पण अहवाल दिल्याशिवाय मागणी पुढे सरकणार नाही ही अटही त्याच्या जोडीला हवी.

लेखाशीर्ष

@आडवाट, पक्षादेशाचा मुद्दा वजनदार आहे, पण तुम्ही कपात आणि कुलूप एकच धरताय. कपातीत सभागृहाने सरकारची मागणी नाकारलेली असते. कुलुपात मागणी पूर्ण मंजूर असते, फक्त दुसरा हप्ता एखादा कागद दाखवल्यावर सुटतो. त्यात अविश्वास कुठे आला? अर्थ मंत्रालय स्वतः खात्यांना असंच बांधून ठेवतं: शेवटच्या तिमाहीत 33 टक्क्यांहून जास्त खर्च नको, एकट्या मार्चमध्ये 15 टक्क्यांहून जास्त नको. कार्यकारी मंडळाने स्वतःला घातलेली अट चालते, तर लोकसभेने घातलेली का चालू नये?

आणि आता खरी मेख. विनियोजन अधिनियमाच्या (मंजूर खर्चासाठी तिजोरीतून पैसे काढू देणाऱ्या कायद्याच्या) अनुसूचीत योजनांची नावं नसतात. प्रत्येक मागणीपुढे आकडे असतात ते दत्तमत (सभागृहाने मत दिलेले) आणि भारित (मतदान लागत नाही असे), महसुली आणि भांडवली, एवढ्याच फोडीने. या चौकटी ओलांडून पैसे फिरवता येत नाहीत, पण एका चौकटीच्या आत पुनर्विनियोजन करून एका योजनेचे पैसे दुसऱ्या योजनेला देता येतात. ठरावीक मर्यादेपुढे संसदेला कळवावं किंवा विचारावं लागतं, इतकंच. समिती महिनाभर योजनानिहाय अभ्यास करते आणि सभागृह मत देतं ते खात्याच्या ठोक रकमेवर. समितीने ज्या पातळीवर तपासलं त्या पातळीवर कायद्याची पकडच नाही. निदान मोठ्या पाच-दहा योजनांची नावं अनुसूचीत घाला, मग बाकीचं बोलू.

रानवारा

फेब्रुवारी-मार्चचं एवढं चाललंय, पण वर्षाच्या मधोमध काय होतं त्याकडे कुणी बघायचं?

पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधे मागितलेले जादा पैसे, या समित्यांकडे जातच नाहीत. घटनेच्या अनुच्छेद 115 खाली त्या मांडल्या जातात आणि काही दिवसांत संमत होतात. मनरेगाचं 2023-24 चं बघा. त्याच्या आदल्या वर्षीचा सुधारित अंदाज 89,400 कोटी असताना तरतूद केली 60,000 कोटींची. योजना तेव्हा मागणीवर चालणारी होती. काम मागितलं की द्यायचं आणि 15 दिवसांत मजुरी द्यायची, उशीर झाला तर दिवसाला 0.05 टक्के भरपाई. खर्च वाढणार हे उघड होतं. शेवटी सुधारित अंदाज 86,000 कोटी झाला. 26,000 कोटींची ही वाढ ग्रामविकास समितीने मार्चमध्ये तपासलेल्या कागदात नव्हतीच. म्हणजे मूळ आकडा कमी दाखवायचा आणि उरलेलं पुरवणीत आणायचं, हा समितीला वळसा घालायचा सोपा मार्ग आहे. मधल्या काळात निधी संपला की त्याची झळ बसते ती मजुराच्या खात्याला.

महाराष्ट्रात तर हे आणखी मोठ्या प्रमाणावर चालतं. जुलै 2024 च्या पावसाळी अधिवेशनात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, मूळ अर्थसंकल्प संमत होण्याच्या सुमारास. रोजगार हमीचा कायदा करणारं हे राज्य (1977), विधिमंडळात रोजगार हमी योजनेची स्वतंत्र समिती आहे, पंचायत राज समिती आहे, लोकलेखा आणि अंदाज समित्या आहेत. जिल्ह्यात समितीचा दौरा आला की अधिकारी रात्री जागून फायली लावतात, इतका त्यांचा वचक आहे. पण तो वचक झालेल्या कामाच्या आणि झालेल्या खर्चाच्या तपासणीचा. मागणी मतदानाला जायच्या आधी तिची खातेनिहाय छाननी हे वेगळं काम आहे. केरळात विषय समित्या 1980 पासून ते करतात. तिथे संबंधित मंत्रीच अध्यक्ष असतो हे मला पटत नाही, पण मागणी आधी समितीत जाते हे नक्की.

माझं म्हणणं सरळ आहे. कुलूप वगैरे नंतर. आधी नियमात एक ओळ घाला: मूळ तरतुदीच्या ठरावीक टक्क्यांहून मोठी पुरवणी मागणी समितीकडे सात दिवस जाईल.

आडवाट

रानवारा यांची सूचना मला मान्य आहे, तिला घटनादुरुस्तीची गरज नाही आणि पक्षादेशाचीही भीती नाही. फक्त एक सावधगिरी: पुरवणीत तीन प्रकार असतात. रोख, तांत्रिक आणि प्रतीकात्मक. तांत्रिकमध्ये एका चौकटीतली बचत दुसरीकडे दाखवलेली असते, प्रतीकात्मकमध्ये नव्या बाबीसाठी नाममात्र रक्कम. टक्केवारी लावायची ती निव्वळ रोख वाढीवर, नाहीतर 15 दिवसांची गर्दी डिसेंबरमध्येही होईल. आणि प्रतीकात्मक मागण्यांना टक्केवारी लागूच होत नाही; नवी योजना त्या वाटेने येते, म्हणून त्या सरसकट समितीकडे जाव्यात.

@लेखाशीर्ष, योजनांची नावं अनुसूचीत घालायला माझा विरोध आहे. पूर आला, साथ आली की खात्याला आठवड्यात पैसे फिरवावे लागतात. प्रत्येक वेळी संसद बसेपर्यंत थांबायचं का?

लेखाशीर्ष

त्याला आकस्मिकता निधी (अचानक आलेल्या खर्चासाठी राखलेला) आहे.

आडवाट

तो केंद्राच्या सगळ्या खात्यांना मिळून एकच आहे आणि त्यातून घेतलेली रक्कमही शेवटी पुरवणी मागणीनेच भरून काढावी लागते. म्हणजे पुन्हा तिथेच.

सुमेधा_क

थोडं पाठपुराव्याकडे वळते, कारण आहे त्या नियमांत सर्वाधिक गळती तिथे आहे. अहवाल आल्यावर मंत्रालयाने तीन महिन्यांत केलेल्या कार्यवाहीची उत्तरं द्यायची असतात. त्यावर समिती दुसरा अहवाल काढते, पाच प्रकरणांचा: पहिल्यात समितीचे शेरे, दुसऱ्यात सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांचं उत्तर समितीला मान्य नाही त्या, पाचव्यात अंतिम उत्तर न आलेल्या. कुठलाही अहवाल उघडून दुसरं प्रकरण वाचा. ‘समितीच्या शिफारशीची नोंद घेतली आहे’, ‘राज्यांना पत्र पाठवले आहे’ अशी उत्तरंही ‘स्वीकारलेल्या’ खाली बसतात. त्यामुळे स्वीकृतीची टक्केवारी छान दिसते आणि जमिनीवर काय बदललं ते कळत नाही.

लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 73-अ प्रमाणे मंत्र्याने दर सहा महिन्यांनी सभागृहात अंमलबजावणीचं निवेदन करायचं असतं. ते पटलावर ठेवून मोकळं होता येतं, चर्चा होत नाही. समितीने दुसऱ्या प्रकरणासाठी एवढाच निकष लावावा की ज्या उत्तरात तारीख, रक्कम किंवा आदेशाचा क्रमांक नाही ते पाचव्यात जाईल. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. येत्या अहवालापासून करता येईल.

लेखाशीर्ष

हे व्हायला हवंच. पण चौथ्या प्रकरणातल्या शिफारशींचं काय? समिती तेच मागणं पुन्हा लिहिते आणि विषय तिथेच थांबतो. 2018 आणि 2023 मध्ये लोकसभेत सगळ्या मागण्या चर्चेविना गिलोटिनने (उरलेल्या मागण्या एकदम मतदानाला टाकून) संमत झाल्या. नियम म्हणतो की सभागृहाने मागण्यांचा विचार समित्यांचे अहवाल समोर ठेवून करायचा. त्या दोन्ही वर्षी अहवाल तयार होते, ते समोर ठेवायला चर्चाच नव्हती. निदान एवढं करा: ज्या खात्याच्या चौथ्या प्रकरणात शिफारशी शिल्लक आहेत, त्या खात्याची मागणी गिलोटिनखाली घेता येणार नाही.

आडवाट

हे मात्र विचार करण्यासारखं आहे. शंभराच्या आसपास मागण्यांपैकी कितींना हे लागू होईल यावर सगळं अवलंबून. यादी लांबली तर 31 मार्चच्या आत विनियोजन विधेयक निघणार नाही आणि पुन्हा लेखानुदानावर (काही काळाच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर) यावं लागेल. ते टाळायलाच तर 2017 पासून अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला आणला. खात्यांची कमाल संख्या ठरवून, समित्यांच्या अध्यक्षांच्या बैठकीत त्यांची निवड करणार असाल तर माझी हरकत नाही.

रानवारा

निवडीत विरोधी सदस्यांचं म्हणणं कसं येईल ते आधी ठरवा. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 पासून प्रथेने विरोधी पक्षाकडे आहे. या 24 समित्यांची अध्यक्षपदं पक्षांत वाटली जातात, आणि मोठा वाटा सत्ताधाऱ्यांकडेच जातो.