ॲझोला, अळ्या की लसूणघास: पेंडीला खरा पर्याय कोणता?

करवीरचा गोठा
सरकी पेंडीचा भाव चढला की ॲझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या हिरव्या वनस्पतीच्या खड्ड्याचे फोटो फिरायला लागतात आणि खाली लिहिलेलं असतं, "पेंड बंद करा." दुभत्या म्हशीची पेंड ॲझोलानं सुटत नाही, हे माझं ठाम मत आहे. हिशेब बघा.

एक किलो ओल्या ॲझोलात साधारण ९४ टक्के पाणी. उरलेल्या ६० ग्रॅममध्ये प्रथिनं २३ टक्के धरली, तरी १४ ग्रॅम. सालीसकट सरकी पेंडीच्या एका किलोत २२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो पेंड कमी करायला रोज १६ किलो ॲझोला हवा. अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद खड्डा उत्तम चालला तर चौरस मीटरला ३०० ग्रॅम निघतो, दिवसाला सव्वा किलोसुद्धा नाही. एका किलो पेंडीसाठी १४ खड्डे! जाहिरातीतला "२५ टक्के प्रथिनं" हा आकडा कोरड्या वजनावरचा असतो आणि शेतकरी तो ओल्या पाटीला लावतो. ही फसगत थांबली पाहिजे.

लसूणघास या हिरव्या चाऱ्याच्या किलोत ४० ग्रॅम प्रथिनं मिळतात. साडेपाच किलोत एका किलो पेंडीचं काम होतं. एकरी १० किलो बी, पहिली कापणी ५५-६० दिवसांनी, पुढं २५-३० दिवसांनी.

शिरोळची वैरण
दादा, किलोचा हिशेब बरोबर आहे, पण जागेचा राहिला. लसूणघास एकरी वर्षाला ४० टन धरला तर गुंठ्याला एक टन, म्हणजे दिवसाला पावणेतीन किलो आणि ११० ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याच पाण्याच्या पृष्ठभागावर ॲझोला ३० किलो, म्हणजे ४०० ग्रॅमच्या वर. ज्याचं सगळं रान उसाखाली आहे किंवा ज्याला रानच नाही, त्यानं लसूणघास कुठं लावायचा?

बहुतेक खड्डे देखभालीअभावी मरतात. चाळलेली माती १०-१५ किलो, शेण २ किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट खत ३० ग्रॅम पाण्यात कालवून, वर १० सेंटिमीटर पाणी, मग बियाणं म्हणून ताजा ॲझोला अर्धा ते एक किलो. पुढं दर ५ दिवसांनी शेण १ किलो, सुपर फॉस्फेट २० ग्रॅम. दर १० दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलायचं, महिन्याला ५ किलो माती. पानं लालसर आणि मुळं लांब झाली तर स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय. रोज काढला नाही तर थरावर थर चढून कुजतो. एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या वर गेला की वाढ थांबते, शेडनेट लागतंच. पावसाळ्यात खड्डा भरून वाहिला की ॲझोला वाहून जातो, म्हणून वर छप्पर हवं. आणि धुऊन घाला, शेणाचा वास राहिला तर म्हैस तोंड लावत नाही.

गगनबावड्याचं पिंजर
दोघंही हिरव्यात अडकलाय. आमच्या भागात भाताचं पिंजर, म्हणजे वाळला पेंढा, ढिगानं आहे, त्यात प्रथिनं जेमतेम ४ टक्के. १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरानं शिंपडायचा आणि दाबून, प्लास्टिकनं हवाबंद करून २१ दिवस ठेवायचं. ७-८ टक्क्यांवर जातं आणि पचतंही जास्त.

करवीरचा गोठा
पाव्हणं, इथं सावध लिहा. युरिया नीट विरघळला नाही आणि खडे राहिले तर जनावर दगावतं. उघडल्यावर तासभर पसरून अमोनियाचा वास उडू द्यायचा, सुरुवात थोड्यानं, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नाही. आणि त्याच दावणीत कच्चं सोयाबीन कधीच नको. त्यातल्या युरिएज या एन्झाइममुळं युरियाचा झपाट्यानं अमोनिया होतो.

हातकणंगलेचं खुराडं
काळ्या सैनिक माशीच्या अळीबद्दल कुणीच बोलेना. सुकवलेल्या अळीत ४० टक्के प्रथिनं, ३० टक्के चरबी. मार्केट यार्डातला भाजीचा कचरा तिला चालतो, पण पाणी ६०-७० टक्क्यांच्या वर गेलं की अळ्या ट्रेबाहेर पळतात आणि घाण सुटते. कोंडा मिसळून ओल आवरायची. अळी काळी पडायच्या आत, साधारण दोन आठवड्यांत काढून उकळत्या पाण्यात बुडवायची, मग वाळवायची. कोंबडी आणि मासळीच्या खाद्याला याहून चांगलं काही नाही.

करवीरचा गोठा
कोंबडीपुरतं मान्य. म्हशीला मात्र नको. युरोपीय संघानं २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबडी-डुकरांच्या खाद्यात कीटक-प्रथिनं चालवली, रवंथ करणाऱ्यांना दिली नाहीत. प्राणिज खाद्यातून गायींमध्ये पसरलेल्या मेंदूच्या रोगाचा धडा त्यामागं आहे.

सकस ताट
सोयाबीन आपल्याच जिल्ह्यात पिकतं, ४० टक्के प्रथिनं. तेल काढल्यावर उरलेली पेंड जनावरांकडं जाते आणि ज्या घरात डाळ पातळ होत चाललीय, तिथं सोयाबीन पोचतच नाही. याचं मला वाईट वाटतं. ज्वारी-गव्हात लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी, सोयाबीनमध्ये भरपूर. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन पुरे. फक्त कच्चं दळू नका, त्यातला ट्रिप्सिन-रोधक घटक पचन बिघडवतो. दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकून २०-२५ मिनिटं शिजवा, खडखडीत वाळवा, मग गिरणीत द्या. गार पाण्यातून तापवत नेलं तर उग्र वास राहतो आणि पोरं भाकरी बाजूला सारतात.

हातकणंगलेचं खुराडं
ताई, तेल काढलेली पेंड आणि ताटातलं सोयाबीन यात भांडण कशाला? तेलासाठी दाणा फुटणारच. खरा धोका शेंगदाणा पेंडीत आहे. पावसाळ्यात पोत्यात ओल धरली की बुरशी येते, अफलाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि दुधात उतरतं. दुधातली मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. बुरशीची पेंड कोंबडीलाही घालू नका.

शिरोळची वैरण
परत लसूणघासाकडं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगाकाठची रानं पाण्याखाली होती. साचलेल्या पाण्यात लसूणघासाची मुळं कुजतात. मग जुलै-ऑगस्टला काय घालायचं?

करवीरचा गोठा
नदीकाठच्या मळीच्या रानात लसूणघास नको, कबूल. तिथं बांधाला शेवरीची चाऱ्याची झाडं लावा, ती ओल सोसते. माळाला लसूणघासच बरा, पण दवात कापलेला कोवळा पाला उपाशी जनावरापुढं टाकू नका, पोट फुगतं. आधी कडबा, मग सुकवलेला घास.

शिरोळची वैरण
शेवरी चालेल. पण बिनरानवाल्याला बांध तरी कुठला? त्याच्यासाठी खड्डे राहू द्यात. ॲझोला खुराकात निम्मा-निम्मा कालवून सुरू करा, पेंड एकदम तोडू नका.