‘रात्रीचं दुखायचं राहिलं’ म्हणजे दुखतंय की थांबलंय?

सिडकोची सून

आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याची वाटी बदलली. (वाटी नाही, सांधा बदलतात, हे मला डॉक्टरांनी दोनदा समजावलं. पण आमच्या गल्लीत वाटीच बदलली आहे.) आई मूळच्या सिन्नरकडच्या. व्यायाम करून घ्यायला एक मुलगा घरी येतो. मराठी बोलतो चांगलं, पण शाळा बाहेरच्या राज्यातली.

परवा त्याने विचारलं, "आजी, रात्री दुखतं का?" आई म्हणाल्या, "नाही बाबा, रात्रीचं दुखायचं राहिलं आता." त्याने आधीचं ‘नाही बाबा’ सोडून दिलं आणि ‘राहिलं’ तेवढं धरलं. कागदावर लिहिलं, ‘रात्रीची वेदना शिल्लक’. झोपेच्या वेळची गोळी तशीच चालू राहिली आणि आई दिवसभर पेंगतायत. मी त्याला सांगितलं की राहिलं म्हणजे थांबलं. त्यावर तो म्हणाला, "मग काल तुम्ही ‘आईंचं जेवायचं राहिलंय’ म्हणालात, तेव्हा जेवण थांबलं होतं का?" मला उत्तर देता येईना.

दुसरं म्हणजे, आई रोज म्हणतात, "उतार आहे, पण गुण नाही." तो विचारतो, हे चांगलं लिहू की वाईट?

त्याने आणलेल्या छापील तक्त्यात ‘वेदनेची तीव्रता’, ‘कार्यक्षमतेतील सुधारणा’ असे रकाने आहेत. आईंनी तो बघून विचारलं, "ही परीक्षा कशाची गं?" तेव्हा आईंना कळेल असा तक्ता मी घरीच करतेय, कपाटाच्या दाराला चिकटवायला. शब्द सुचवा.

जुनी सिस्टर, पंचवटी

वॉर्डात आयुष्य गेलं, त्यामुळे यावर बोलायला मला आवडेल.

त्या मुलाचा प्रश्न रास्त आहे. त्याला असं सांगा. जे आपोआप होत असतं ते ‘राहिलं’ म्हणजे थांबलं: पाऊस पडायचा राहिला, पोर रडायचं राहिलं, दुखायचं राहिलं. जे आपण करायचं असतं ते ‘राहिलं’ म्हणजे बाकी आहे: जेवायचं राहिलं, गोळी घ्यायची राहिली. आणि ‘दुखणं राहिलं’ म्हटलं की पुन्हा उलटं, दुखणं मागे उरलं. तीन अक्षरांच्या शब्दाचे एवढे नखरे. म्हणून मी पेशंटला सरळ ‘थांबलं का?’ असंच विचारायची, आणि नव्या पोरींनाही तेच शिकवलं.

आता उतार आणि गुण. उतार दुखण्याला पडतो. जे चढतं ते उतरतं: ताप, सूज, विष. गुण मात्र औषधाचा येतो, नाहीतर डॉक्टरच्या हाताचा. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ म्हणतात ना, तोच. तेव्हा तुमच्या सासूबाईंचं म्हणणं असं की त्रास कमी होतोय, पण तो व्यायामामुळे होतोय हे त्या मानायला तयार नाहीत! त्या मुलाने ‘चांगलं’ असंच लिहावं आणि मनाला लावून घेऊ नये.

आणखी एक शब्द तक्त्यात घालाच, तो म्हणजे हुशारी. ‘आता जरा हुशारी आली’ म्हणजे तरतरी आली. अंथरुणातला माणूस उशी पाठीशी घेऊन बसतो, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो, आज वार कोणता ते विचारतो. ताप-नाडीच्या कागदावर हे कुठेच दिसत नाही, पण राउंडला मी डॉक्टरांना आधी हे सांगायची. एका नव्या डॉक्टरला वाटलं होतं मी पेशंटच्या बुद्धीचं कौतुक करतेय.

‘बऱ्या झालात का?’ असं मात्र विचारू नका. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘बरी झाले’ असं तोंडाने म्हणत नाहीत, दृष्ट लागते. फार तर ‘बरी आहे म्हणायची’.

द्राक्षवाला, दिंडोरी

सिस्टर, हुशारीचं एकदम पटलं. बागेला पण हेच लागू आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्षाच्या पानांवर डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, येते. पण डावणी ‘बरी झाली’ असं आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. ‘आटोक्यात आली’ म्हणतात, नाहीतर ‘थांबली’. कारण डाग पडलेलं पान पुन्हा चांगलं होत नाही. डाग वाळतो, तपकिरी पडतो, पानाखालची पांढरी बुरशी दिसेनाशी होते, पण पान ते पानच. बाग सुधरली का हे बघायला जुन्या पानांकडे बघायचंच नाही, शेंड्याकडची नवी फूट स्वच्छ निघते का ते बघायचं. नवीन माणूस जुनी पानं बघून घाबरतो आणि अजून एक फवारणी मारतो. पैसे जातात.

माणसासाठी आम्ही ‘सावरला’ म्हणतो. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात अजून पहिल्यासारखा नाही, त्यामुळे बरे झाले म्हणता येत नाही. पण बांधावर येऊन बसतात, मजुरांचा हिशोब ठेवतात, मला शिव्या घालतात. गावात कोणी विचारलं तर मी ‘सावरले’ सांगतो, आणि समोरच्याला सगळं कळतं.

वैद्य, गंगापूर रोड

टाक्यांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. तक्त्यात ‘खपली धरली’ आणि ‘जखम भरली’ हे एक धरू नका. सुश्रुतांनी व्रणाचे, म्हणजे जखमेचे, साठ उपचार सांगितले, त्यात आधी शोधन, मग रोपण. म्हणजे आतून स्वच्छ झाल्याशिवाय भरून आणायचं नाही. आमच्या आजीच्या भाषेत ‘वरून धरली, आत ओली’. खपलीच्या कडेला लाली, ऊब, पाणी किंवा ठणका वाढला, ताप आला, तर तक्ता भरत बसू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जा.

बाकी उतार आणि उतारा यांचीही गल्लत होऊ देऊ नका. उतारा विषावर असतो, नाहीतर तलाठ्याकडे.

सिडकोची सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री तक्ता केला. मोठ्या अक्षरात, आईंना चष्म्याशिवाय दिसेल असा:

रात्री झोपेत दुखायचं थांबलं का
सूज उतरली का
खपली कोरडी आहे का
न्हाणीघरापर्यंत कोणाला न धरता गेलात का
हुशारी आहे का

आईंनी वाचला. ‘न्हाणीघर’वर बोट ठेवून म्हणाल्या, "वॉकर धरला तर चालेल ना? मग तसं लिही." लिहिलं. ‘हुशारी’समोर त्यांनी स्वतः पेन घेऊन बरोबरची खूण केली. व्यायामवाल्या मुलाने मग खाली ‘गुण आला का’ असा सहावा प्रश्न घातला, तर आई म्हणाल्या, "ते जिना उतरून भाजी आणली की सांगेन."

सिस्टर, आणखी एक विचारते. आई रोज सकाळी ‘अंग जड आहे’ म्हणतात. हे कुठल्या ओळीत लिहू?

जुनी सिस्टर, पंचवटी

कुठल्याच नाही, ते वेगळं लिहा आणि वेळ टाका. ठणक्यावरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, अंग जड होतं, तोल जातो. वॉकरवर असताना तोल जाणं परवडायचं नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, उद्या सकाळी फोन लावून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा: रात्रीचं दुखायचं थांबलंय, आणि सकाळी अंग जड असतं. ‘राहिलं’ म्हणू नका तेवढं.