रस्त्यावरच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवून काही फरक पडतो का?

रात्रपाळी:
ग्रुपात यावरून जाम वाजलंय म्हणून इथे टाकतोय. रस्त्यावर राहणाऱ्या 13 ते 17 वयाच्या पोरांना आम्ही आठवड्यातून तीनदा गोष्टी वाचून दाखवतो, आता काही जण म्हणतायत बंद करा, तोच वेळ मलमपट्टी नि समुपदेशनाला द्या. माझं मत, बंद करू नये. फक्त गोष्टीत 'नशा वाईट' छाप उपदेश नको, ते पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहितीय.

खडूस:
पोरं नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन का हुंगतात ते तरी बघा आधी. त्यातल्या टोल्युइन नावाच्या रसायनाने भूक मरते, थंडी कळत नाही, रात्री भीती वाटत नाही. म्हणजे त्याच्यासाठी जेवण, पांघरूण आणि दाराची कडी सगळं तेच. त्याच्या जागी तुम्ही देणार काय, तर पुस्तक! वर कित्येकांना वाचताच येत नाही.

रात्रपाळी:
म्हणून तर वाचून दाखवतो ना. एक पोरगा मुठीत सोल्युशनचा रुमाल धरून बसायचा, अधूनमधून नाकाला लावायचा. एका गोष्टीत मुलाच्या पायाला पत्रा लागतो, तो कोणाला सांगत नाही आणि जखम चिघळते, तर हा मध्येच म्हणतो, "येडाय का तो, धुवायचं ना आधी." सगळे हसले. दोन दिवसांनी स्वतःच्या पोटरीवरचं गळू दाखवायला आला, चांगलं आठ दिवसांचं. आम्ही रोज विचारायचो काही दुखतंय का, तर "नाय". गोष्टीतल्या पोराबद्दल बोलता येतं रे, स्वतःबद्दल तोंड उघडत नाही.

नर्सताई:
किस्सा छान, पण रुमाल सुटला का? कारण हुंगताना हृदयाचे ठोके बिघडून पोरं जागच्या जागी जातात, पहिल्यांदा हुंगणारासुद्धा. (आणि झिंगेत असलेल्या पोरावर एकदम ओरडू नका, पकडायला धावू नका, दचकण्यानेही तेच होऊ शकतं. हे कोणी सांगत नाही.)

रात्रपाळी:
नाही सुटला, खोटं कशाला बोलू. पण वाचन चालू असताना खिशात ठेवायला लागला, म्हणाला नाहीतर गोष्ट लक्षात राहत नाही.

खडूस:
एक तास. उरलेल्या 23 तासांचं काय? आणि तुमचे स्वयंसेवक परीक्षा आली की गायब, त्या पोरांना सोडून जाणाऱ्यांच्या यादीत अजून एक नाव. ते नुकसान कुठल्या वहीत लिहिता?

रात्रपाळी:
हे लागलं राव. मागच्या वर्षी एक कादंबरी निम्म्यात सोडून वाचणारी ताई गेली, पोरं महिनाभर विचारत होती पुढे काय झालं.

नर्सताई:
मग कादंबऱ्या घेताच कशाला, ऐकणारा पोरगा उद्या त्या जागी असेल याचीही खात्री नसते. एका बैठकीत संपणारी गोष्ट घ्या. आणि शेजारी मलमपट्टीची पेटी उघडी ठेवा, गोष्ट ऐकता ऐकता पाय पुढे करतात, धनुर्वाताच्या इंजेक्शनचा विषयही तिथेच निघतो. वेगळी रांग लावली की कोणी येत नाही, हा माझा अनुभव.

खडूस:
छोट्या गोष्टींचं पटलं. बाकी नाही. झोपायला सुरक्षित जागा द्या, मग बघू कोण येतं तुमच्या गोष्टी ऐकायला.

रात्रपाळी:
तेव्हाही येतील. लाव पैज.