चेहरे जगभरचे घेतले म्हणून जग मालिका बघतं का?

खिडकीतली:
परवा 'ब्रिजर्टन'चा दुसरा सीझन (२०२२) पुन्हा पाहिला. इंग्लंडात लग्नासाठी आलेल्या शर्मा बहिणी, आणि धाकट्या एडविनाला कुठल्या भाषा येतात ते सांगताना लॅटिन-फ्रेंचच्या पंगतीत चक्क मराठी! मागे जाऊन तीनदा ऐकलं. अमेरिकन मालिका जगभर चालतात त्याचं हेच कारण वाटतं मला. 'लॉस्ट'मध्ये (२००४) इराकी सईद होता, आपसात कोरियन बोलणारे सन आणि जिन होते. कुणाला ना कुणाला त्यात आपलं माणूस सापडतं.

तिरकस:
आपलं माणूस? त्याच शर्मांच्या घरात वडील 'अप्पा', बहीण कधी 'दीदी' तर कधी बंगाली 'बोन'. भेळ आहे ती. एडविनाने एक तरी वाक्य मराठीत बोलल्याचं कुणाला आठवतंय का? आणि 'फ्रेंड्स'मधले सहाच्या सहा गोरे. तरी आमच्या होस्टेलवर ती तोंडपाठ होती.

बाकरवडी:
अप्पा आमच्या घरीही म्हणतात हो :) बाकी सहमत.

जुनाट टीव्ही:
'फ्रेंड्स'च्या काळात आपल्यासमोर पर्याय किती होते? २०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स एका झटक्यात १३०हून अधिक देशांत उघडलं, भारतासकट. गिऱ्हाईक जगभरचं झालं की दुकानातला मालही बदलतो. अर्थात सगळा धंदाच नव्हता. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' (२००५) लिहिताना शोंडा राइम्सने पात्रांचा वंश ठरवलाच नव्हता, म्हणून कोरियन वंशाची सँड्रा ओ त्यातली डॉक्टर क्रिस्टीना झाली. क्रिस्टीना आवडते ती तिच्या हट्टी महत्त्वाकांक्षेमुळे.

तिरकस:
मग 'स्क्विड गेम'चं काय? कोरियन मालिका, जवळजवळ सगळे कोरियन, आणि २०२१मध्ये जग वेडं झालं.

खिडकीतली:
त्यातला अली विसरलात? दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने केलेला पाकिस्तानी कामगार. आपल्याकडे सगळ्यात जास्त हळहळ त्याच्यासाठीच झाली.

तिरकस:
बरोबर, पण तो शोभेला बसवलेला नव्हता. मजुरी थकवलेला परदेशी कामगार ही कोरियातली खरी गोष्ट आहे. मला राग शोभेच्या चेहऱ्यांचा येतो.

बाकरवडी:
'लॉस्ट'मधल्या जिनचं पण गंमतशीर आहे. डॅनियल डे किम जन्माने कोरियन, वाढला अमेरिकेत. त्याचं कोरियन कोरियातल्या प्रेक्षकांना अवघडलेलं वाटलं, टीका झाली. आपल्या माणसाला आपण जास्तच कडक मार्क देतो. कुणी परदेशी मालिकेत 'ळ' चुकवू दे, मग बघा.

जुनाट टीव्ही:
म्हणूनच 'शोगुन' (२०२४) बघा. अमेरिकन मालिका, पण बरेचसे संवाद जपानीत, आणि प्रमुख भूमिका करणारा हिरोयुकी सानादा निर्मातासुद्धा. पहिल्याच सीझनला १८ एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार. चूक दिसली तर तिथल्या तिथे थांबवणारा माणूस सेटवर होता.

खिडकीतली:
हे पटलं. शर्मांच्या घरी असा कुणी असता तर 'बोन' तरी वाचलं असतं. मराठीवर मात्र मी खूश आहे, बोला काय बोलायचं ते.