दुकानाच्या डीव्हीआरला कंपनीचाच पासवर्ड आहे, बदलावा का?

औषधदुकान_सांगली: नमस्कार. माझ्या औषधांच्या दुकानात चार कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एक डीव्हीआर आहे. फिटरने राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून दिलं, त्यामुळे घरून मोबाइलवर गल्ला दिसतो. डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीकडून आला तोच आहे. बिलिंगचा कॉम्प्युटरही त्याच राउटरवर. ‘आपलं फुटेज कोण कशाला बघेल?’ असं हे म्हणतात. खरंच काळजीचं आहे का?

केबलकाम_मिरज: आहे, ताई. फुटेज हा त्यातला लहान भाग. हॅकरना तुमचा डीव्हीआर राबवून घ्यायचा असतो. तो दिवसरात्र नेटला जोडलेला छोटा कॉम्प्युटरच आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने हेच केलं. नेटवर उघडी उपकरणं शोधायची आणि कंपन्यांचे साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड टाकून बघायचे. अशा कॅमेरे-डीव्हीआरच्या फौजेने २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डिन’ या अमेरिकी कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. मालकांना पत्ता लागणार कसा? कॅमेरे तर नीट चालू होते! उपकरण बंद-चालू केलं की मिराई जायचा, पण पासवर्ड तोच असला की परत शिरायचा.

पासवर्ड आजच बदला. राउटरच्या सेटिंगचाही, तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो, इथे बरेच जण फसतात. फिटरने स्वतःसाठी ठेवलेलं खातं यादीत दिसलं तर काढा. पण तेवढ्यावर थांबू नका. काही जुन्या डीव्हीआरमध्ये आतला एक पासवर्ड कायमचा बसवलेला असतो, तो स्क्रीनवरून बदलतच नाही. म्हणून राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (फिटरने उघडलेली वाट) आणि यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

औषधदुकान_सांगली: मग मोबाइलवर दिसेल का?

केबलकाम_मिरज: बहुतेक डीव्हीआर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये क्यूआर कोडने जोडता येतात, पोर्ट उघडावं लागत नाही. मात्र जोडणी कंपनीच्या सर्व्हरमार्फत होते, तेव्हा अ‍ॅपलाही पक्का पासवर्ड हवा. राउटरमध्ये व्हीपीएन (बाहेरून दुकानाच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित खासगी मार्ग) असेल तर ते त्याहून चांगलं.

हिशेबनीस_ठाणे: बिलिंगचा कॉम्प्युटर आधी वेगळा करा. डीव्हीआरला दुसरं नेट कनेक्शन दिलं तरी चालेल. गिऱ्हाइकांची उधारी आणि जीएसटीचा डेटा त्याच्या शेजारी नको. नवे कॅमेरे घ्याल तेव्हा एसटीक्यूसी या सरकारी संस्थेची सुरक्षा चाचणी झालेलं मॉडेल मागा. एप्रिल २०२५ पासून सरकारने नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना ती सक्तीची केली आहे.

केबलकाम_मिरज: ताई, मॉडेल नंबर इथे लिहा. त्याच्या फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट अजून निघतात का, ते बघून सांगतो.